काचपट्टीची लाल कड

विज्ञानात अखेर सत्याचाच विजय होतो. आमच्या संस्थेच्या दारावर तसं कोरलंय. त्याखाली 'येथे गाड्या लावू नयेत' अशी पाटी आहे, आणि पाटीखाली संचालकांची गाडी.

त्या गाडीला वळसा घालून गणितवाल्या बाई रोज कामावर येत. काचेला चिकटलेले जिवाणू शेपट्या फिरवून भोवतालचं पाणी कसं हलवतात, याचं मॉडेल करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मॉडेलचं म्हणणं साधं होतं: जिवाणू वाट्टेल तिकडे तोंड करून चिकटले, तर पाणी जागच्या जागी घुसळलं जातं, पुढे सरकत नाही. संचालकांच्या सूक्ष्मदर्शकात मात्र ते सरळ एका बाजूला वाहत होतं, आणि उद्या पाहुणे यायचे होते.

"बाई, पाणी वाहतंय. मॉडेललाही वाहायला सांगा."

"सर, काचपट्टीची कड उघडी आहे. तिथे पाणी सुकतंय, म्हणून ओढलं जातंय."

कड बंद करायला साधी नेलपॉलिश लागते. खरेदी विभागाने ती 'सौंदर्यप्रसाधन' म्हणून नामंजूर केली होती. संचालक म्हणाले, जमत नसेल तर राहू द्या, मॉडेलवर आमच्या भाचेजावयांचं नाव घालू; ते रिकामेच असतात.

एवढ्याशा किड्यांपायी कशाला डोकं पिकवतेस, असं घरी नवऱ्याने विचारलं.  बाईंनी मुलीच्या टेबलावरची नेलपॉलिशची लाल बाटली उचलून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर पाणी वाहत होतं आणि संचालक जिवाणूंच्या एकजुटीवर बोलत होते. बाई उठल्या, सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या आणि काचपट्टीच्या चारही कडांना निगुतीने नेलपॉलिश लावली. ती वाळली तसं पडद्यावरचं पाणी थांबलं.

"आता भाचेजावयांना ढकलायला सांगा," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. जिवाणूंची विश्रांतीची वेळ झाली, असं सांगून संचालक पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

बाई एकट्याच मागे राहिल्या. निदान आपली घुसळण तरी दिसेल, म्हणून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. काहीच हललं नाही.

जिवाणू आदल्या दिवशीच मेले होते.