मस्तूराचं ‘बरं’

मीरवली दोमलांनी आयुष्यात जाणूनबुजून खोटं एकदाच लिहिलं, आणि तेही एकाच अक्षराचं. पण त्या एका अक्षराने त्यांची अशी काही जिरवली की ताश्कंदच्या त्या गल्लीत मान वर करून चालायची त्यांची सोयच उरली नाही.

दोमला म्हणजे मास्तर. सदतीस वर्षं त्यांनी बाजारामागच्या शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर मोहल्ल्याने त्यांना वडीलधाऱ्याचं पद दिलं. लग्न ठरवायचं असो, मयत उचलायची असो, भिंतीवरून दोन भाऊ हातघाईवर आलेले असोत, बोलावणं दोमलांनाच. माणूस वाईट नव्हता. फक्त ‘दोमला होते म्हणून झालं’ हे वाक्य कानावर पडलं की त्यांना चार दिवस जेवण गोड लागायचं, आणि ते कानावर पडावं म्हणून ते जरा जास्तच धडपडायचे.

त्या उन्हाळ्यात बाजार आणि पाट यांच्यामधली सगळी बैठी मातीची घरं पाडून तिथे काचेचे मनोरे उठवायचं ठरलं. माणसांच्या आधी पत्र्याचं कुंपण आलं. त्यावर भविष्याची चित्रं रंगवलेली होती. कारंजी, हिरवळ, गोरीगोमटी जोडपी, एक केसाळ कुत्रं. ट्रकवाला सोबिर कुंपणासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

“दोमला, यात मी कुठे आहे हो? हे कुत्रं म्हणजे मीच नव्हे ना?”

सगळे खो खो हसले. दोमलाही हसले, पण त्यांचं हसू वरवरचं होतं, कारण कागद त्यांच्या बगलेत होते.

कागद आणून दिले होते इल्योरने. तो त्यांचा जुना विद्यार्थी, आता प्रकल्पाच्या कचेरीत मोठा साहेब. त्याने पूर्वीसारखेच छातीवर हात ठेवून, मान झुकवून कागद पुढे केले. “दोमला, आम्ही गेलो तर लोक दाराला कडी लावतील. तुम्ही गेलात तर जेवायला दस्तरखान अंथरतील. एकेचाळीस घरं आहेत. एकेचाळीस ‘हो’ आले, तर सगळ्या शहरात तुमचा मोहल्ला पहिला. मी स्वतः सांगेन सगळ्यांना, हे माझ्या दोमलांनी केलं.”

कागदावर दोनच चौकटी होत्या, ‘हो’ आणि ‘नाही’. खाली दोमलांची सही. घरमालकांच्या सह्या नंतर सभेत व्हायच्या होत्या. नकाशावरची लाल रेघ पाटाच्या काठाने गेली होती आणि दोमलांचं स्वतःचं घर पाटाच्या पलीकडे होतं. म्हणजे आपल्याला यात काही स्वार्थ नाही, असं ते मनाशी घोकत राहिले. आपल्याला काही गमवायचंही नाही, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्थ त्यांनी मनाच्या जवळपासही फिरकू दिला नाही.

चाळीस घरांचं काम आठ दिवसांत उरकलं. कुणाचं छत गळत होतं, कुणाला अंगणातल्या संडासाचा कंटाळा आला होता, त्यांनी आनंदाने ‘हो’ म्हटलं. काहींनी शिव्या घालून म्हटलं. उरलं एक घर, मस्तूराचं.

मस्तूरा नानवाली. साठीची, विधवा, तोंडाने तशी मऊच. तिच्या अंगणातल्या तंदूरवर अर्ध्या मोहल्ल्याची न्याहारी चालायची. नवं घर मिळणार होतं ते शहराच्या कडेला, नवव्या मजल्यावर. तिथे तंदूर कुठे मांडणार? आणि तंदूर नाही तर मस्तूराने करायचं काय?

दोमला गेले तेव्हा तिने हातातली कणीक टाकून दस्तरखान अंथरला. गरम नान मोडून तुकडे त्यांच्या पुढ्यात ठेवले. पियालीत घोटभरच चहा ओतला, म्हणजे पाहुण्याने बसावं, पुन्हा पुन्हा घ्यावा. दोमलांनी तासभर व्याख्यान दिलं. लिफ्ट, नळाला गरम पाणी, नातवंडांना खेळायला मैदान. मस्तूरा ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, “तंदूर नेता येईल का हो दोमला?”

“काहीतरी करू की. मी आहे ना!”

मस्तूराने तंदूरकडे पाहिलं, मग दोमलांच्या पांढऱ्या दाढीकडे. हात छातीवर ठेवला, मान थोडी झुकवली आणि म्हणाली, “बरं, दोमला.”

आता या मोहल्ल्यात ‘बरं’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वडीलधारं माणूस घरी आलेलं, पुढ्यात मोडलेली नान, अशा वेळी तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बरं’ म्हणतात. ‘बरं’ म्हणजे ऐकलं, तुमचा मान ठेवला, आता विषय पुरे. पाहुणा शहाणा असतो, तो चहा संपवतो, दुवा देतो आणि पुन्हा तो विषय काढत नाही. दोमलांनी स्वतः उभ्या जन्मात शेकडो वेळा असं ‘बरं’ म्हटलं होतं.

पण त्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून, भिंतीला कागद टेकवून, त्यांनी ‘हो’च्या चौकटीत खूण केली.

घरी बायकोने विचारलं, “मस्तूरा काय म्हणाली?”

“बरं म्हणाली.”

“म्हणजे नाहीच म्हणाली की!”

“तुला काय कळतं त्यातलं?” दोमला खेकसले. “शब्द तो शब्द. बरं म्हणजे बरं.”

“मी चाळीस वर्षं तुम्हाला बरं म्हणतेय,” बायको शांतपणे म्हणाली आणि आत निघून गेली.

सभा मोहल्ल्याच्या चहाखान्याच्या अंगणात भरली. इल्योर आपल्याबरोबर दोन-चार परके साहेब घेऊन आला होता. तो एकेक नाव वाचायचा, ‘हो’ म्हणून सांगायचा, आणि माणूस पुढे येऊन सही करायचा. मस्तूराचं नाव आलं.

“हो,” इल्योरने वाचलं.

मस्तूरा उठली, पण पुढे गेली नाही. तिने आधी दोमलांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर दोमलांना परवडलं असतं. रागावर राग काढता येतो. पण ती नुसतीच गोंधळून पाहत होती.

“खोला,” इल्योरने मावशीला घालतात तशी गोड साद घातली, “दोमलांनी लिहिलंय. तुम्ही त्यांना तसं सांगितलंत ना?”

सोबिरने विडी तळव्याखाली झाकली. प्रत्येकाला ठाऊक होतं की मस्तूरा कशी बोलते आणि काय बोलली असेल. दोमलांना नुसतं उभं राहून म्हणायचं होतं, माझी चूक झाली, ती ‘बरं’ म्हणाली होती. एवढंच. सदतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला हा माणूस त्या क्षणी बाकावरून उठू शकला नाही. डोक्यावरची टोपी काढून तिची घडी नीट करत बसला.

“दोमला म्हणतात,” मस्तूरा म्हणाली, “म्हणजे म्हटलंच असणार मी.”

आणि तिने पुढे जाऊन सही केली. पांढऱ्या दाढीच्या माणसाला परक्या लोकांदेखत खोटं पाडायचं, तर तिच्याच्याने ते होणार नव्हतं. दोमलांना हे पक्कं माहीत होतं. आता मनाशी कबूल करायला हरकत नाही, कोपऱ्यावर खूण करतानाही हे त्यांना माहीत होतं. तेवढ्याच भरवशावर त्यांनी ती केली होती.

मग टाळ्या झाल्या. इल्योरने दोमलांच्या खांद्यावर मानाचा रेशमी झगा चढवला. भर उन्हाळ्यात तो जाडजूड झगा! घाम पाठीवरून ओघळत होता आणि साहेब हात हातात घेऊन सांगत होते, “सगळ्या शहरात पहिला मोहल्ला! दोमला होते म्हणून झालं!” ज्या वाक्यासाठी ते जन्मभर झुरले होते ते असं पदरात पडलं, आणि त्यांना तिथून धूम ठोकावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी ते इल्योरच्या कचेरीत गेले. “इल्योर, एक ‘हो’ चुकीचा आहे. तो मी लिहिला.”

इल्योरने चहा मागवला. “पण दोमला, सही त्यांची आहे ना? सगळ्यांदेखत केली. मग आता काय, त्या खोटं बोलल्या असं लोकांना सांगायचं?” त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “जाऊ द्या. वर्षभरात सगळे तुम्हालाच दुवा देतील. हो ना?”

दोमलांनी हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, “बरं.” इल्योरने ते ‘हो’ म्हणून घेतलं.

शरद ऋतूत घरं रिकामी होऊ लागली. मस्तूराच्या घराची पाळी आली तेव्हा सकाळीच सगळा मोहल्ला हातभार लावायला जमला, जसा दुसऱ्यांच्या वेळीही जमत होता. सोबिरने ट्रक दारात लावला. गाद्या, कपाटं, भांडी एकेक करून चढली. मस्तूराचा मुलगा दावरोन पहार घेऊन तंदूरपाशी गेला. खालून उचकटून पाहिला तर बाजूला हातभर तडा गेला. मातीचाच तो, जागेवर भाजून पक्का झालेला, तो हलायचा कसला?

“राहू दे रे,” मस्तूरा म्हणाली. “उगीच त्याचे हाल करू नकोस.”

दोमला भिंतीला लागून उभे होते. त्यांना कोणी काही उचलू देत नव्हतं, वयामुळे. कोणी काही बोलतही नव्हतं, आणि ते काही वयामुळे नव्हतं. पुढच्या गल्लीत घरं पाडायचं यंत्र घरघरत उभं होतं.

सामान चढलं. आता रीतीप्रमाणे घर सोडताना दुवा मागायची, आणि ती वडीलधाऱ्यानेच मागायची. सगळे घोळक्याने उंबऱ्यासमोर उभे राहिले.

“दोमला, हात उघडा,” मस्तूराच म्हणाली.

दोमलांनी हात वर केले. मागोमाग सगळ्यांचे पंजे उघडले गेले. जन्मभर त्यांना दुवेचे शब्द कधी शोधावे लागले नव्हते. आज नव्या घराला बरकत मागायची, तर जीभ वळेना. देवासमोर हात पसरून तिसऱ्यांदा गप्प बसायचं धैर्य मात्र त्यांच्यात उरलं नव्हतं.

“या बाईने ‘हो’ म्हटलं नव्हतं,” दोमला म्हणाले. आवाज चिरकला, पण ऐकू गेला. “ती ‘बरं’ म्हणाली होती. ‘हो’ मी लिहिलं. मला पहिलं यायचं होतं. मला लाज वाटते. मला स्वतःची लाज वाटते.”

ते थांबले. मग दुवा थांबली की जे म्हणतात तेच मागून कोणाच्या तरी तोंडून गेलं, “आमीन.” आणि सवयीने सगळ्यांनी “आमीन” म्हणत तळवे चेहऱ्यावरून फिरवले. संपलं. सोबिरने ट्रकची फळी वर केली, दावरोन दोर आवळू लागला.

दोमलांचे हात तसेच वर राहिले होते. मस्तूरा जवळ आली आणि तिने ते मनगटाला धरून खाली केले.

“सभेत मी सहीत बापाचं नाव लिहिलं, दोमला,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग आजोबांचंही लिहिलं. एरवी मी नुसतं मस्तूरा लिहिते. म्हटलं, तेवढ्यात तुम्ही उठाल.”

एवढं बोलून ती गेली आणि सोबिरच्या शेजारी ट्रकमध्ये चढून बसली.