मुराळ्याची गाडी

"सही कर, मोतीराम. जहर प्यायले नाई लावून राह्यलो तुले," म्हणत नागनाथने कर्जाचा फॉर्म पुढे सरकवला.

आदिलाबादच्या मंडल कचेरीत जेवणाची सुट्टी झाली होती. मोतीरामने भाकरीचा घास चावत फॉर्मकडे पाहिले. जामीनदाराच्या जागी फुली मारलेली होती. त्या कचेरीत सगळेच एकमेकांचे जामीनदार. एक बुडाला की चौघांचे कपडे ओले व्हायचे.

"घराचा हप्ता जाते तुहा. मायच्या ऑपरेशनचा सोसायटीचा हप्ता जाते. आता कारीचा. एक तारखेले तुह्या हाती पगार येईन का नुसती पावती?"

"पावती येईन. वाचता येते मले."

"अन् कार काऊन पायजे बे? घरून कचेरी पंधरा मिन्टं बी नाई पायी."

"बहिणीले आनाले."

मोतीरामचे चावणे थांबले. त्याने हात पुसले, पेन मागितले आणि सही करून दिली. "तू बुडाला त मी बी बुडतो, ध्यानात ठेव."

"तुले पोहता येते," नागनाथ म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भीमजयंतीला वस्तीतल्या साऱ्या लेकी माहेरी येतात, म्हणून नागनाथ धाकट्या बहिणीला, भागीरथेला, आणायला मुराळी होऊन निघाला होता. तेव्हा तो कचेरीत नुकताच अटेंडर, म्हणजे शिपाई, म्हणून लागला होता. बसच्या टपावर सायकल चढवून बासरला उतरला आणि तिथून दहा मैल सायकल हाणत तिच्या सासरी पोचला. भागीरथा गाठोडे घेऊन उंबऱ्यात तयार उभी होती. तिची सासू प्रयागबाई ओट्यावर बसली होती. दारात ट्रॅक्टर होता, ठेकेदारीचा पैसा होता. ती सायकलकडे बघून म्हणाली, "आमची सून काय दुधाची क्यान हाय, क्यारेजले बांधून न्याले? गाडी आनजो, मंग नेजो." ओट्यावरची माणसे हसली. नागनाथने सायकल वळवली आणि दहा मैल पुन्हा तुडवले.

त्यानंतर दिवाळ्या गेल्या, जयंत्या गेल्या. मायचे ऑपरेशन झाले तेव्हाही निरोप गेला आणि उत्तर आले, कापसाचे दिवस आहेत.

आता कारीचे ऐकून त्याची बायको विमल म्हणाली, "जीप करा ना भाड्यानं. एका दिवसाचं काम."

"भाड्याची गाडी संध्याकाळी वापस द्या लागते. पुढच्या साली मुराळी कशानं जाईन?"

"तिसरा हप्ता कशातून देता?"

"पान सोडतो."

"तुमी पान खातच नाई."

"मंग चहा दोनदा सोडतो."

विमल हसली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने तेलाची बाटली अर्धीच भरून आणायला सुरुवात केली. तिचा होकार तोच, हे नागनाथला कळले.

बँकेच्या मॅनेजरने पगाराचा दाखला उलटसुलट करून पाहिला. "नागनाथजी, दो किश्तां पहले से कट रहे. गाडी किसलिए?"

"बहन को लाना है साब."

"क्यों, बस नहीं जाती क्या?"

"जाती है साब."

नागनाथ खुर्चीवर ताठ बसून होता. शेवटी मॅनेजरने दोन जामीनदारांच्या सह्या पडताळल्या आणि शिक्का उचलला.

गाडी आली. एका डॉक्टरची सहा वर्षे वापरलेली पांढरी मारुती. चैतात कापसाचे मार्केट रिकामे असते. तिथल्या मोकळ्या अंगणात तीन आठवडे गोल गोल फिरून नागनाथ गाडी शिकला. त्याची माय जयवंताबाई, डोळ्यांना दिसत नसल्याने, टपावरून, काचेवरून हात फिरवून गाडी पाहायची आणि ज्वारी पाखडताना जात्यावरची जुनी ओवी गुणगुणायची:

दूरच्या वाटेनं धूळ उडते कोणाची
माझ्या ग लेकीला घोडी आली मुराळ्याची

जयंतीच्या आदल्या दिवशी धूळ उडाली. भागीरथेच्या सासरच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा पोरे मागे धावत होती. प्रयागबाई ओट्यावरच होती. केस पिकले होते, जीभ नाही.

"कोनाची आनली मांगून?"

"बँकेची हाय, मावशी. हप्त्यानं फेडून राह्यलो."

"म्हंजे कर्जाची."

"हो, कर्जाची. घराचं बी हाय, मायच्या इलाजाचं बी हाय. तिन्ही माह्याच नावावर हायेत. तुमी म्हनल्या होत्या गाडी आन. आनली. भागीरथेले बोलवा."

बोलवावे लागले नाही. आतून पत्र्याची पेटी जमिनीवर ओढल्याचा आवाज आला आणि मागोमाग भागीरथा आली. हातांच्या शिरा वर आलेल्या, कपाळ घामेजलेले. तिचा नवरा दाराला टेकून उभा होता. पेटीला त्याने हात लावला नाही, अडवलेही नाही.

"चार दिवसाच्या जयंतीले एवढी पेटी?" प्रयागबाईने विचारले.

"नऊ वर्साचं हाय, आत्याबाई."

ओट्यावर कोणी हसले नाही. नागनाथने पेटी उचलली आणि वजनावरूनच त्याला उमगले. चार लुगड्यांची पेटी एवढी जड नसते; ती परत यायला निघालेली नव्हती. त्याने बहिणीकडे पाहिले. तिने नजर हटवली नाही. मग त्याने पेटी डिक्कीत घातली. ती मावेना. आडवी घातली, तिरपी घातली, तरी अर्धी बाहेर. भागीरथेनेच गोठ्यातून दावे आणले. एक टोक त्याने धरले, एक तिने.

गाठ आवळताना ती हळूच म्हणाली, "दादा, त्या दिवशी सायकलवर बी आली असती मी. गाठोडं घेऊन उभीच होती. तू मांगं वळून पाह्यलंच नाई."

नागनाथच्या हातातले दावे तसेच राहिले. माय म्हातारी झाली, बहिणीचे केस विरळ झाले, आणि तो एवढी वर्षे गाडी मिळवत होता. भागीरथेने त्याच्या हातातले टोक घेऊन दुसरी गाठ मारली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली.

गल्ली अरुंद होती. त्याला गाडी मागे घेणे अजून नीट जमत नव्हते. बाहेर पडायचे तर सारे गाव ओलांडून.

"हळू घे," ती म्हणाली. "घाई नाई."

दारादारांत बाया उभ्या राहिल्या. मारुतीच्या देवळाच्या पाराजवळ एक म्हातारा काठी उंचावून आडवा आला. "ओ, डिक्की उघडी हाय तुमची. पेटी दिसून राह्यली सारी."

भागीरथेने काच पूर्ण खाली केली.

"माहीत हाय, बाबाजी," ती म्हणाली, आणि कोपर खिडकीवर ठेवून बसून राहिली.