एलीच्या वंशजाने गाळलेली ओळ

सूर्य जैतुनांच्या डोंगरावर हातभर चढला, त्या सुमारास येरीमोतने एक ओळ गाळली.

राजा आठ दिवसांपूर्वी वारला होता. परमेश्वराने दाविदाच्या, म्हणजे राजाच्याच, घराण्याला दिलेलं वचन ज्या गुंडाळीवर होतं, तीही रिवाजाप्रमाणे त्याच्याबरोबर कबरीत गेली. नव्या राजाला गादीवर बसताना हातात नवी प्रत लागणार होती, आणि ती दुपारच्या आत. मंदिराचा सेवक, म्हातारा लेवी हशब्या तोंडपाठ सांगत होता, येरीमोत लिहून घेत होता. हशब्याला दिसत नसे, पण सगळं वचन पाठ असलेला यरुशलेमात तोच. त्याच्यावर तपासनीस कोण बसवणार?

“‘पोरांनी वाट सोडली तर त्यांना काठीने मारीन,’” हशब्या म्हणाला.

येरीमोतने लिहिलं.

“‘पण माझं वात्सल्य त्यांच्यावरून हटवणार नाही. कधीच.’”

बोरू थांबला.

येरीमोत अनाथोथ गावचा, एलीच्या घराण्यातला. शिलोच्या जुन्या देवस्थानात त्याचे पूर्वज याजक होते, आणि कायमचं वचन त्यांनाही मिळालं होतं. मग एलीच्या पोरांनी बळीच्या मांसातून देवाचा वाटा निघायच्या आत हंड्यात काटा घालून मांस ओढलं, आणखीही नको ते केलं, आणि परमेश्वराने वचन मागे घेतलं. तेव्हापासून त्या घरातल्या कुणाला वेदीपाशी उभं करत नाहीत. आत्ता वारलेल्या राजाने तर मंदिराच्या अंगणात परक्या देवीचा खांब रोवला होता. काठी त्यालाही बसली. दोन गावं गेली, पाय सडून मेला. गादी मात्र त्याच्याच मुलाला.

एका लेकराला घराबाहेर काढायचं आणि दुसऱ्याला चार रट्टे देऊन पुन्हा ताटावर घ्यायचं, हे येरीमोतला कळत्या वयापासून सलत होतं.

“झालं का?” हशब्याने विचारलं.

“झालं, काका. पुढचं सांगा.”

त्याने तेवढी जागा कोरी ठेवली आणि खालून लिहायला घेतलं.

दुपारी कर्णे वाजले. नवा राजा मंदिराच्या दारातल्या खांबापाशी, राजांच्या ठरलेल्या जागी उभा राहिला. हशब्याने गुंडाळी उघडून डोळ्यांसमोर धरली, रिवाज म्हणून. काठीचं वाक्य आलं तेव्हा येरीमोतने श्वास रोखला. हशब्या न अडखळता पुढे गेला: हटवणार नाही, कधीच. लोक “आमेन” म्हणाले. राजाने गुंडाळी हातात घेतली, आत न बघता परत दिली. ती मातीच्या घड्यात गेली, घड्यावर मोहोर बसली.

पायऱ्या उतरताना हशब्याने येरीमोतच्या खांद्यावर हात ठेवला.

“सकाळी बोरू थांबला होता तुझा. दिसत नाही रे मला, ऐकू येतं.”

येरीमोत पुढची पायरी उतरला.

“शिलोचं मटण तुमच्या घराला अजून पचलेलं दिसत नाही.”

“तुमच्या घराला कुणी हाकललं नाही, काका. तुम्हाला पचायला काय जातंय?”

“खरंय. जागा ठेवलीस?”

“एका ओळीची.”

“कशाला?”

“एलीचं नाव बसेल एवढी आहे.”

हशब्या दोन पायऱ्या उतरला. “बसेल,” तो म्हणाला. “पण लिहिणारा तू नाहीस. आणि मीही नाही. हळू चाल जरा.”

घडा राजवाड्याच्या कोठारात आहे. मोहोर शाबूत आहे. ती कुणी फोडत नाही, राजा वारला की घडा तसाच कबरीत जातो. हशब्या जवांच्या कापणीच्या दिवसांत वारला. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितल्याचं कळलेलं नाही. हशब्याकडून ऐकून सगळं वचन पाठ झालेला आता यरुशलेमात येरीमोतच आहे.

परवा राजवाड्यातून त्याला निरोप आला: दोन लेव्यांना वचन शिकवायचं आहे, कधीपासून बसता येईल?

येरीमोतने अजून उत्तर पाठवलेलं नाही.