वगळलेले अकरा

संगणकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या त्या मुलाला घरचे कौतुकाने ‘संशोधक’ म्हणत. छातीचा एक्स-रे पाहून न्यूमोनिया ओळखणारा प्रोग्राम तो तीन वर्षं घडवत होता. परिषदेला लेख पाठवायला आठवडा उरला, आणि दोनशे फोटोंच्या शेवटच्या चाचणीत प्रोग्राम ब्याण्णव टक्क्यांवर अडून बसला. तारीख डोक्यावर आणि निकाल मनासारखा नाही, अशी वेळ तुमच्या-आमच्यावरही येते. मग आपण थोडी सफाई करतो. त्यानेही केली. प्रोग्राम जिथे चुकला, त्यातले अकरा धूसर फोटो ‘खराब’ म्हणून बाजूला काढले. आकडा सत्त्याण्णववर गेला. मार्गदर्शक मॅडम “छान” म्हणाल्या. कसं जमलं, ते त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. भर दुपारी खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर पडली की त्याला बरगड्या दिसत. बसमध्ये मागे कुणी खोकलं की वळून बघायचा धीर होत नसे. जिना चढताना स्वतःचाच श्वास त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटे.

“तोंड का उतरलंय, संशोधक?” ताईने एकदा जेवताना विचारलं. ती इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. त्याने सगळं सांगून टाकलं.

“फोटोच खराब होते गं.”

“बघू.”

ताईने अकराही फोटो सावकाश पाहिले.

“खराब कुठेत? ही खांद्याची हाडं बघ, फुप्फुसांवर आलीत. खाटेवर झोपवून काढलेत हे. ज्यांना उभंसुद्धा राहवत नाही, त्यांचे असे काढावे लागतात.”

“म्हणजे...”

“म्हणजे सगळ्यात जास्त आजारी माणसंच तू मोजली नाहीस.”

“अगं, थोडंफार असं सगळेच करतात.”

“करत असतील. उद्या तुझ्या सत्त्याण्णववर विसंबून कुणी डॉक्टर अशाच एखाद्याला घरी पाठवेल. तो माणूस तुला जाब विचारायला यायचासुद्धा नाही.”



दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ते अकरा फोटो मागवून पाहिले. मग म्हणाल्या, “विचारायला मी हवं होतं.”

लेख त्या वर्षी गेलाच नाही. बरोबरचे पुढे निघून गेले. त्याने मात्र रीतसर परवानगी काढून खाटेवरचे हजारभर फोटो जमवले आणि प्रोग्राम नेमका तिथेच का आंधळा होतो, याचा शोध घेतला. त्याचा प्रबंध त्यावरच झाला. खरा संशोधक तो तेव्हा झाला. भास कमी झाले, पुरते गेले नाहीत. ते जावेत असं आता त्यालाही वाटत नाही.

वाचकहो, कचेरीतला अहवाल असो की शाळेचा निकाल, नकोशी नोंद वगळताना क्षणभर थांबा. तिच्यामागे एक माणूस असतो, आणि बहुतेक वेळा आपली सर्वाधिक गरज त्यालाच असते.