आठ वाजताचा मिस्ड कॉल

पूर्वी वर्तक हट्टी आहे हे वसईजवळच्या नंदाखाल गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणिकपूरच्या ऑफिसात ते कळायला मात्र दोन हजार सातचा श्रावण उजाडावा लागला.

ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरचा मजला. तिथे मोबाइलवरची ॲप्स तपासली जात. पूर्वीच्या टेबलावर नाना कंपन्यांचे फोन गोठ्यातल्या गुरांसारखे ओळीने वायरींना बांधलेले असत. तिने लिहिलेली स्क्रिप्ट सुरू झाली की कुणी हात न लावता त्यांची बटणं दाबली जायची, पडदे बदलायचे, आणि शेवटी संगणकावर निकाल यायचा. नीट चाललं तर हिरवी ओळ, बिघडलं तर लाल. त्याशिवाय संगणकाच्या आतच एक नकली फोन होता, एम्युलेटर. तो कधी अडकायचा नाही, त्याची बॅटरी उतरायची नाही, म्हणून मालक हर्षवर्धनचा त्याच्यावर भारी जीव. पूर्वीला तो शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा वाटायचा. बाईंनी विचारलेलं सगळं येतं, पण बाजारात पाठवलं तर कोथिंबीर समजून गवत घेऊन येईल.

या खेपेचं काम एका औषध कंपनीचं होतं. गोळीची वेळ झाली की ॲपने घंटी वाजवायची. माणसाने गोळी घेऊन बटण दाबलं की पडद्यावर यायचं, ‘गोळी घेतली, शाब्बास!’ आणि तशी नोंद व्हायची. असे फोन कंपनी ब्लडप्रेशरच्या पेशंटना वाटणार होती, आणि नोंदी बघून डॉक्टर डोस ठरवणार होते. पूर्वीची स्क्रिप्ट सगळीकडे हिरवी. ती खूश, हर्षवर्धन खूश, औषध कंपनी खूश.

त्या खुशीत पूर्वीने एक फोन घरी नेला. तिची आई, सुमन, केळीच्या वाडीत दिवसभर राबायची आणि गोळी विसरायची. आजवर त्यावर एकच इलाज होता. संध्याकाळी आठ वाजले की पूर्वी ऑफिसातून मिस्ड कॉल द्यायची. दोन रिंगा वाजल्या की आईने गोळी घ्यायची. पैसा खर्च नाही, बोलणं नाही, काम फत्ते. त्या वर्षांत वसईत अर्धे संसार मिस्ड कॉलवर चालायचे. एक दिला की पोचलो, दोन दिले की खाली ये, तीन दिले की कुणीतरी आजारी.

‘‘आता हा फोनच तुला आठवण करून देईल,’’ आईच्या जुन्या फोनमधलं सिम कार्ड त्यात घालून पूर्वीने तिला शिकवलं. आईने बटण दाबून दाखवलं, शाब्बासकी मिळवली आणि हसली.

पंधरवडा गेला असेल. आई वाडीत पाटाजवळ भोवळ येऊन पडली. शेजारच्या रेजिनामावशीने तिला घरी आणलं, डॉक्टरला बोलावलं. प्रेशर आभाळाला टेकलेलं. पूर्वी धावत घरी आली आणि तिने आधी फोन बघितला. रोजची नोंद होती. घेतली, घेतली, घेतली. मग तिने कपाटातली गोळ्यांची पाकिटं काढली. जवळजवळ सगळ्या गोळ्या जागच्या जागी.

‘‘आई, गोळी न घेताच बटण दाबत होतीस?’’

सुमन पडल्या पडल्या भडकली. ‘‘मी कशाला दाबू? घंटी वाजलीच नाय तर! फोन जवळ घेऊन बसायची मी. तुझा मिस्ड कॉल यायचा तेवढा. मला वाटलं, पोर निघाली, भात टाकायला सांगते. मी भात टाकायची.’’

ॲप दिल्यावरही पूर्वीची बोटं आठ वाजता मिस्ड कॉल देत होती. सवय ती सवय. आईची आठवण झाल्याशिवाय तिला आठ वाजल्यासारखे वाटायचेच नाहीत. तिने फोनचं घड्याळ आठच्या अलीकडे नेलं आणि वाट पाहिली. घंटी ‘टिं’ करते न करते तोच आपल्या फोनवरून मिस्ड कॉल दिला. कॉल आला तशी घंटी गप्प झाली. कॉल तुटला, आणि पडद्यावर आलं, ‘गोळी घेतली, शाब्बास!’ घंटी गप्प झाली म्हणजे बटण दाबलं, असं ॲप धरून चाललं होतं.

तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. म्हणजे ज्या घरी मुलं काळजीने वेळेवर मिस्ड कॉल देणार, त्याच घरची गोळी बुडणार. वर डॉक्टर म्हणणार, रोज गोळी घेऊनही प्रेशर उतरत नाही, वाढवा डोस! आणि हे तिच्या स्क्रिप्टला दिसलं कसं नाही? कारण ऑफिसातल्या एकाही फोनमध्ये सिम कार्ड नव्हतं. ज्या फोनला कुणी फोनच करत नाही, त्याच्यावर ही मंडळी ॲप तपासत होती.

दुसऱ्या दिवशी तिने घरातून, मैत्रिणींकडून, ऑफिसातल्या फर्डिनंडकाकांकडून सिम कार्डं गोळा केली आणि नवी टेस्ट लिहिली. घंटी वाजली की मिस्ड कॉल. संध्याकाळपर्यंत टेबलावरचा प्रत्येक फोन लाल झाला. एम्युलेटर तेवढा हिरवागार. त्याला कोण मिस्ड कॉल देणार? त्याला ना आई, ना मुलं.

हर्षवर्धनने निकाल बघितला आणि दार लावून घेतलं. ‘‘पूर्वी, उद्या सकाळी रिपोर्ट जायचाय. ही टेस्ट क्लायंटने मागितली होती का? नाही ना? मग काढून टाक. एम्युलेटरवर सगळं पास आहे, तोच रिपोर्ट छाप आणि सही कर.’’

‘‘नाही करणार, सर.’’

‘‘अगं, पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करतील ते. हे काम गेलं तर ऑफिस बंद पडेल. फर्डिनंडच्या वयाला कोण नोकरी देईल, सांग.’’

फर्डिनंडकाका कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली. ‘‘माझं नाव कशाला मधी घालता, सर? मी काय सही मागितली नाय तिच्याकडे.’’

‘‘ठीक आहे,’’ हर्षवर्धनचा आवाज चढला. ‘‘तुला जमत नसेल तर मी सही करतो. तू उद्यापासून येऊ नकोस.’’

झालं. पूर्वीचं डोकं उलट थंड झालं. नोकरी गेली तर वाडी आहे, आणि केळी कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. तिने टेबलावरचा एक फोन वायरीतून सोडवला आणि हर्षवर्धनसमोर ठेवला.

‘‘खुशाल करा सही. पण त्याआधी एक करा. तुमच्या आई बोळींजला असतात ना? त्यांनाही प्रेशर आहे, तुम्हीच सांगितलं होतं. हा फोन आज त्यांना नेऊन द्या. महिनाभर वापरू देत. तुम्ही त्यांना मिस्ड कॉल देताच, रोज बघते मी.’’

हर्षवर्धनने फोन उचलला. चिडूनच उचलला, बॅगेची चेनही उघडली. मग हात तिथेच थांबला.

‘‘माझ्या आईला कसा देऊ हा?’’ त्याच्या तोंडून निघून गेलं.

‘‘मग दुसऱ्यांच्या आईला कसा देताय?’’

फर्डिनंडकाकांची वायर गुंडाळून झाली होती, तरी ते गुंडाळतच होते. हर्षवर्धनने फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. त्याचा चेहरा पडला होता, आणि पूर्वीला त्याची थोडी दयाही आली. पण थोडीच.

‘‘उद्या क्लायंटला फोन तू करायचा,’’ तो म्हणाला. ‘‘शिव्या तू खायच्या.’’

‘‘खाईन. घरी आईच्या खाल्ल्यात, त्यापुढे त्या काहीच नाहीत.’’

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. पूर्वीने आपला फोन काढून घरी मिस्ड कॉल दिला. दोन रिंगा, आणि तोडला. आईचा जुना फोन तिने परत चालू करून दिला होता आणि नवा कायदा घातला होता. गोळी पोटात गेली की आईने उलटा मिस्ड कॉल द्यायचा. तोवर पूर्वीने जेवायचं नाही. हर्षवर्धनही घड्याळाकडे बघू लागला.

फोन एकदा वाजला आणि तुटला.

‘‘घेतली,’’ पूर्वी म्हणाली. मग तिने प्रिंटर सुरू केला, लाल ओळींसकट सगळा रिपोर्ट छापला आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.