पाच नंबरची टाप

“पाच नंबरला कोण आहे ते परत वाच,” हैबतराव म्हणाले.

मनीषने रेसबुकाचं पान पुन्हा उलटलं आणि घोड्याचं लांबलचक इंग्रजी नाव वाचून दाखवलं. हैबतरावांनी मान डोलावली. नाव त्यांना म्हणता येत नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. त्या घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार भैरू त्याला सोन्या म्हणायचा, म्हणून तेही सोन्याच म्हणत.

“काका, चष्मा का नाही लावत तुम्ही?”

“मोतीबिंदू पिकून काढल्याबिगर चष्म्याचा काय उपेग? चल, गाडी काढ.”

मोतीबिंदू नव्हताच. चैत्रात हैबतराव एकटेच एस.टी.ने पुण्याला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून आले होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले, उरलीय तेवढी जपा. घरी येऊन हैबतरावांनी मोतीबिंदू सांगितला, आणि तो इतक्या ठामपणे सांगितला की त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, आळीतल्या बायकांनाही तो अजून कच्चा असल्याचं कळवून टाकलं. खोटं बोलायचं कारण एकच होतं. खरं कळलं असतं तर मुलाने, निरंजनने, त्यांना ओट्यावर बसवलं असतं आणि रेस कायमची बंद झाली असती. हैबतरावांना मरणाची भीती नव्हती, ओट्याची होती.

मनीष त्यांचा भाडेकरू. अमरावतीचा पोरगा, हिंजवडीत कंपनीत कामाला. हिंजवडीजवळच्याच चांदे गावात हैबतरावांच्या भाताच्या खाचरात आता सहा खोल्या उभ्या होत्या, त्यातली एक त्याची. मागच्या वर्षी गंमत म्हणून तो म्हाताऱ्याबरोबर रेसला गेला आणि त्या नादाला लागला. आज ऑक्टोबरातला रविवार, पुण्याच्या हंगामातली मोठी शर्यत. बाकी दिवशी कंपन्यांच्या गाड्यांनी तुंबलेला रस्ता आज मोकळा होता. मागच्या सीटवर बसलेल्या हैबतरावांना उन्हात रंग तेवढे पळताना दिसत होते.

त्यांनी जन्मात कधी रेसवर पैसा लावला नाही. ते जायचे घोडी बघायला. तरुणपणी जत्रांमध्ये ते बैलगाड्यांपुढे घोडी पळवत. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैल सुटले की त्यांच्यापुढे एक स्वार घोडी घेऊन धावतो आणि बैल तिच्या मागे लागतात. घोडीचा पाय अर्धा चुकला तर स्वार थेट बैलांच्या खुरांखाली. वीस वर्षं हैबतरावांनी ते केलं आणि धडधाकट राहिले, त्यामुळे घोड्याची चाल त्यांच्या अंगात मुरली होती. माणसाची चाल मात्र त्यांना कधी कळली नाही. व्याही निवडताना ते दोनदा फसले.

पॅडॉकच्या कठड्याला त्यांची ठरलेली जागा होती. शर्यतीआधी घोडी तिथे फेऱ्या मारायची आणि आजूबाजूचे शौकीन विचारायचे, “तात्या, कुणाचा पाय बरा?” तात्या दोन बोटं उचलून एखादा नंबर सांगायचे. या अख्ख्या हंगामात ते शेजाऱ्यांच्या गप्पा ऐकूनच नंबर सांगत होते. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि याचा त्यांना आनंद व्हायचा. आता लिहितानाही त्या आनंदाची कीव येते.

“तात्या.” भैरू कठड्याजवळ आला होता. तो मुळशीकडचा. पोरसवदा असताना हैबतरावांच्या घोडीला चारा टाकायचा. हैबतरावांच्याच शब्दावर तो रेसकोर्सला लागला आणि आता त्याचेही केस पिकले होते. तो अगदी हळू बोलला. “कालपास्नं सोन्याच्या चालीत मला कायतरी वाटतंय. दिसत न्हाई, पन वाटतंय. अजून कुनाला बोललो न्हाई. तुमी एक डाव बगा. तुमी म्हनलात तर आत्ताच डॉक्टरास्नी सांगतो, मंग कायबी होऊ दे.”

“बगतो की. आन हिकडनं.”

भैरू घोडा घेऊन आला. बाकी वाट मऊ होती, पण कठड्याच्या कोपऱ्याशी दहा पावलं सिमेंटची होती. हैबतरावांनी डोळे ताणले. समोरून एक तांबूस डाग सरकत होता. त्याला पाय होते की नाही हेसुद्धा दिसत नव्हतं.

आणि मग टापा वाजल्या. टक, टक, टक आणि मग, एका श्वासाइतक्या उशिराने, टक.

ही टाप हैबतरावांना ठाऊक होती. अशीच टाप ऐकून त्यांनी एकदा भर जत्रेत घोडी माघारी फिरवली होती आणि गावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण तेव्हा खाली वाकून त्यांनी पाय दाखवला होता. आज भैरू विचारणार, कुठला पाय, तात्या? उजवा का डावा? आणि मनीष शेजारीच उभा होता.

“काय म्हंता, तात्या?” भैरूने विचारलं.

“झ्याक हाय,” हैबतराव म्हणाले. “पायाला तोड न्हाई. सोड बिनघोर.”

“मंग झालं,” भैरू म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. “तुमी बगितलं, आता मला काय बी काळजी न्हाई.”

शर्यत सुटली. लोक ओरडू लागले, मनीष त्यांच्या कानाशी सांगू लागला, पाच नंबर तिसरा, पाच नंबर दुसरा, काका, आता बाहेरून येतोय! हैबतरावांनी कठडा घट्ट धरला होता. ते देवाकडे मागत होते की आपला कान खोटा ठरू दे. मग गर्दीचा आवाज मध्येच फाटला. हजारो माणसं एकदम हळहळली.

“पडला,” मनीष म्हणाला. “नाही, उठला. काका, त्याचा पुढचा पाय... लोंबतोय.”

“पडदा आनला का?”

“हो. हिरवा पडदा धरलाय चौघांनी. कशाला?”

“पाय मोडलेल्या घोड्याला मारत्यात, ते लोकांस्नी दिसू नये म्हनून,” हैबतराव म्हणाले. मनीषने त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

बऱ्याच वेळाने सिमेंटवर पावलं वाजली. माणसाची, दोनच. लगामाची कडी तेवढी किणकिणत होती.

“तात्या,” भैरू म्हणाला, “तुमी तर बगितलं हुतं.” त्या बोलण्यात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

हैबतराव उठून उभे राहिले. “मला दिसत न्हाई, भैरू. सा म्हैने झालं. मोतीबिंदू न्हाई, काचबिंदू हाय. मी बगितलंच न्हाई. ऐकलं हुतं. शेवटची टाप मागं पडत हुती. आन तरीबी मी तुला झ्याक म्हनलो.”

भैरूने लगाम या हातातून त्या हातात घेतला. तो काहीतरी बोलेल म्हणून हैबतरावांनी वाट पाहिली. एक शिवी मिळाली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

“पायऱ्या हायेत म्होरं,” शेवटी भैरू म्हणाला. “धरा.” आणि त्याने त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत सोडलं. लगाम त्याच्या दुसऱ्या हातात होता आणि तो दोघांच्या मधोमध वाजत राहिला.

घरी पोचल्यावर उतरवताना मनीषने पहिल्यांदाच त्यांचा दंड धरला, आणि हैबतरावांनी तो सोडवून घेतला नाही.

गोजराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हैबतराव चाचपडत त्यांच्या शेजारी बसले.

“लवकर आला. कोन जिकलं?”

“म्हाईत न्हाई.” फरशी चाचपत ते म्हणाले, “अगं, जरा हे ऐक.” त्यांनी बोटाच्या पेराने फरशीवर ठोके दिले. टक, टक, टक, टक. परत तसेच. आणखी एकदा.

गोजराबाईंनी उभ्या जन्मात रेसकोर्स बघितलं नव्हतं. सुपातला हात थांबवून त्यांनी ऐकलं.

“ह्यो शेवटचा मागं पडतोय की, अवो.”

“व्हय,” हैबतराव म्हणाले. “तुलाबी कळलं.”

त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि ते ओट्यावरच बसून राहिले.