भिंतीतून गेलेलं चुंबक

शहाद्यात इद्रिसच्या भोंगे-दुरुस्तीच्या दुकानात त्या दुपारी चहा आला होता, पण पीत कोणी नव्हतं. इद्रिसची मुलगी गजाला आणि प्रकाशा गावचा भाग्येश पुण्यात एकाच प्रयोगशाळेत काम करतात; दोघं सुट्टीला आले होते. चुंबक बनवतात, तेही असं की एकेक रेणू म्हणजे एकेक चुंबक. मी म्हटलं, तरुणपणी असा एक रेणू माझ्या खिशात होता, त्यानं तापीतून बैलगाडी ओढून काढली. कोणी हसलं नाही. प्रकरण गंभीर होतं.

गजालानं ते रेणू कडाक्याच्या थंडीत ठेवून, बाहेरून चुंबकाचा जोर लावून सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळवली होती. भाग्येशला राखणीला बसवून ती जेवायला गेली. परत येते तो निम्मी तोंडं उलटी.

"तू गरम करं ना ते?" ती दुकानात सगळ्यांसमोर भाग्येशला म्हणाली. "एवढी थंडीमा रेणू उलटा व्हवाव नही. दोन्ही दिशास्ना मधमा ऊर्जानी भिंत शे, ती चढाले ऊब लागस."

"नही करं."

"मंग भूत उनं का? उद्या मी सरले सांगस, कामवरतून यानं नाव काढा."

भाग्येशचा चेहरा उतरला. जन्नतबी, गजालाची आई, मात्र माझ्याकडेच बघत होती. तिची कोंबडी सकाळी भिंतीपलीकडच्या माझ्या बंद अंगणात सापडली होती.

"हात कशाले लावा, खरं सांग," गजाला म्हणाली.

"मोजमाप झायं, म्हणून बाहेरना जोर बंद करा. काम सरनं का मोटार बंद. वावरमा तीच सवय शे."

गजालानं कप खाली ठेवला. "पार शून्यवर?"

"मंग? लाइट फुकट जाळू का?"

मग तिनंच सांगितलं. जोर चालू असला की भिंतीची एक बाजू उंच, एक खोल. जोर शून्यावर आला की दोन्हीकडची जमीन सारखी होते, आणि शेजारच्या रेणूंनी जरा ढोसलं की रेणू भिंत न चढता आरपार निघतो.

"पण जोर बंद करा हे तू आते बनाडं नही कशावरून?" तिची नजर निवळली नव्हती.

आठवड्यानं तिचा पुण्याहून फोन आला. थोडा जोर चालू ठेवला, तर तोंडं जागची हलली नाहीत. शून्यावर नेला, तर थंडी तेवढीच असूनही उलटली, आणि भाग्येश तेव्हा प्रकाशाला होता. त्याचं नाव राहिलं. फक्त जोर बंद करायच्या बटणावर आता चिकटपट्टी आहे.

मी लगेच जन्नतबीला गाठलं. म्हटलं, भाभी, आपल्या दोघांच्या अंगणांची जमीन सारखीच आहे.

"हां, दोधूभाऊ," ती म्हणाली. "आरपार उनी व्हई. पण तिनी अंडी कोणी खादी?"